जास्तीच्या आठ नळ्या

त्यांच्याशी बोलायचं तर हातोडीची परवानगी लागायची. तुम्ही दारात जाऊन उभे राहिलात की ते मान वर न करता उजवा हात खांद्यापर्यंत नेत, हातोडी तशीच हवेत धरत आणि म्हणत, "बोला." हातोडी वर असेपर्यंत वेळ तुमचा. बोलणं कामाचं असेल तर ती पाच-पाच मिनिटं अधांतरी राही. बिनकामाचं असेल तर मध्येच खाली येई आणि तुमचं पुढचं वाक्य त्या आवाजात बुडून जाई. त्यात राग नसे. ज्या आळीत घरोघरी दिवसभर पितळ ठोकलं जातं तिथे बोलण्याने आणि ठोकण्याने आपसात असा समझोता करून घेतलेला असतो. अशा आळीत तुम्ही कधी राहिला असाल तर मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

भंडाऱ्याच्या त्या आळीत मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खोली घेतली तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. हायस्कूलमध्ये विज्ञान आणि इंग्रजी शिकवायचो. ते हातोडीवाले समोरच्या घरात राहत, पन्नाशीला टेकलेले, ठेंगणे, दंडाने भक्कम. मी त्यांना भाऊ म्हणे आणि ते मला गुरुजी. आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटाच. तार आली, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची असली, कोर्टाचा कागद आला, की माणसं माझ्याकडे येत. मला ते फार आवडे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्या आवडीमुळे झालं.

भाऊ गुंड घडवत. आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात. त्यांच्या गुंडाला नाव होतं. लाखांदूरकडच्या लग्नांसाठी लोक बसने येऊन त्यांच्या हातचाच गुंड मागत. पण स्टीलची भांडी घेऊन बायका दारोदार फिरू लागल्या आणि घराघरांतलं पितळ त्यांच्या टोपल्यांत जाऊ लागलं. आळीतला आवाज दर वर्षी थोडा कमी होत गेला. भाऊंची बायको, आम्ही सगळे तिला वहिनी म्हणत असू, आधी फावल्या वेळात विड्या वळायची. नंतर तिला फावला वेळ उरला नाही.

अशात एके दिवशी नागपूरहून एक साहेब आले. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, साठीच्या पुढचे, हातात चामडी पिशवी. आळीत विचारत विचारत ते भाऊंच्या दारात आले आणि पिशवीतून एक खेळण्यातली मोटार काढून त्यांनी ऐरणीजवळ ठेवली. हातोडी वर गेली आणि वरच राहिली.

साहेबांचा छंद असा होता की जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रती करायच्या आणि त्या विजेवर पळवायच्या. त्यांना गाडीखालचा सांगाडा पितळेचा हवा होता, आणि पितळ म्हटल्यावर आमच्या भागात भंडाऱ्याला येण्यावाचून इलाज नव्हता. भाऊंनी गाडी उलटी केली, सांगाडा पाहिला, मग वरचं प्लॅस्टिकचं अंग बोटाने दाबलं.

"हे तं साबनाच्या डबीचं झाकन हाय जी," ते म्हणाले.

साहेब हसले. आपल्या वाड्यात या, पळताना पाहा, मग बोला, असं म्हणून ते गेले.

भाऊ आणि मी एका रविवारी नागपूरला गेलो. साहेबांनी वरच्या मजल्यावरच्या अख्ख्या खोलीत लाकडी फळ्यांचा रस्ता मांडला होता, वळणावळणाचा. रस्त्यात बारीक खाचा कोरलेल्या आणि प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखाली एक खुंटी असते, ती खाचेत बसते. खुंटीच्या दोन्ही अंगांना तारेचे झुबके असतात, ते पट्ट्यांवरून घासत वीज उचलतात आणि आतली अंगठ्याएवढी मोटर फिरते. हातातली कळ जितकी दाबाल तितकी गाडी पळते. वळणावर हावरटपणा केला की खुंटी खाचेतून निघते आणि गाडी भिंतीवर जाते. साहेबांनी कळ भाऊंच्या हातात दिली. पहिल्या तीन वेळा गाडी भिंतीवर गेली. चौथ्यांदा तिने पूर्ण चक्कर मारली, आणि मी भाऊंकडे पाहिलं. ते गाडीकडे बघत नव्हते. भिंतीवर जुन्या शर्यतींचे फोटो लावले होते, त्यांतल्या लांब नाकाच्या, उघड्या चाकांच्या गाड्यांकडे बघत होते.

"ह्या पत्र्याच्याच असतीन ना? हातानं ठोकलेल्या?"

साहेब म्हणाले, होय, त्या काळी कारागीर हातानेच ठोकत.

"मंग मी पितळंत ठोकतो. सांगाडाबी अन् आंगबी."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं की तो कारागीर कोणत्या गावचा असेल. मला ठाऊक नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं, आणि एखाद्या माणसाला त्याच्या खऱ्या कामात पाहणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. प्रमाण होतं खऱ्या फुटाला अर्धा इंच. मी आकडे मांडून द्यायचो, भाऊ ते ऐरणीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचे. पत्रा भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचा म्हणजे तो मऊ होतो. मग सागाच्या ठोकळ्यावर ठोकायचा, कडक झाला की पुन्हा भट्टी. पहिलं अंग त्यांनी आठ दिवसांत केलं आणि ते इतकं जड झालं की गाडी वळणावर कलंडायची. त्यांनी ते वितळवलं. दुसरं पातळ केलं, तिसरं आणखी पातळ. शेजारच्या आळीतल्या सोनाराच्या काट्यावर जाऊन ते गाडीचं अंग तोलून आणत. शेवटी पत्रा असा झाला की तळहातावर ठेवला तर वजन लागू नये.

चाकांच्या ताना, म्हणजे स्पोक, त्यांनी सायकलच्या ब्रेकची तार उलगडून ओवल्या. टायर हवाई चपलेच्या तळव्यातून कापले. चालक लाकडाचा कोरला, त्याला चष्मा घातला, आणि तो तुमसरच्या बसवर असणाऱ्या एका ड्रायव्हरसारखा दिसतो हे आळीत कुणाच्या तरी ध्यानात आलं. खुद्द तो ड्रायव्हर बघायला आला, बराच वेळ न्याहाळून म्हणाला, नाक माझं नाही, आणि चहा पिऊन गेला.

थट्टा तर रोजची होती. ऐन दुपारी कुणीतरी दारातून डोकावे आणि विचारे, "काहून भाऊ, याच्यात किती पानी मावते?"

"पानी नाई मावत बे," भाऊ म्हणत. "वारा मावते."

वहिनी विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेली असे. तिने एकदा मला ऐकवण्यासाठी म्हटलं, "लगन होऊन तीस वर्स झाले गुरुजी, मले एक कुंकवाची डबी नाई बनवून देल्ली या मानसानं. अन् त्या गोऱ्याच्या गाडीले आरसा बसवून राह्यला." भाऊंनी हातोडी खाली आणली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या सुपात एक डबी होती, करंगळीच्या नखाएवढ्या मुठीची. वहिनी ती कमरेला खोचून ठेवायची आणि कुणाला दाखवायची नाही.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतलं वीज कमी करणारं यंत्र गुपचूप आणलं आणि भाऊंनी ओसरीवर सरळ फळीचा एक रस्ता केला. संध्याकाळी आळी जमायची. गाडी या टोकाहून निघे आणि त्या टोकाला धानाच्या कोंड्याच्या पोत्यात जाऊन घुसे. वीज गेली की मध्येच थांबे, आणि वीज येईपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही असा आळीचा नियम झाला होता.

पहिल्या दोन गाड्या साहेबांना फार पसंत पडल्या. त्यांचे सगळ्या बाजूंचे फोटो साहेबांनी स्वतः आणून दिले होते. मग ते तिसऱ्या गाडीचं काम घेऊन आले. मुंबईला अशा छंदाच्या लोकांची एक मंडळी होती. त्यांतले तिघं पुढच्या हिवाळ्यात साहेबांकडे येणार होते. त्यांना हाताने ठोकलेली अंगं कायम करून देणारा कारागीर हवा होता, देशातल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी. तिसरी गाडी त्यांच्या नजरेत उतरली तर भाऊंना मरेपर्यंत ठोकायला काम मिळणार होतं. उतरली नाही तर काय, हे कुणी बोललं नाही. त्या वर्षी आळीतल्या पाच घरांच्या भट्ट्या विझल्या होत्या. भाऊंना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं.

साहेबांनी एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात त्या गाडीचा एकच फोटो होता, डाव्या बाजूचा. इंजिनच्या झाकणातून धुराच्या आठ वाकड्या नळ्या बाहेर येऊन एका लांब नळीत मिळत होत्या आणि ती नळी शेपटापर्यंत गेली होती. साहेब म्हणाले, "दुसऱ्या बाजूचा फोटो कुठेच मिळत नाही. पण मजकुरात वर्णन आहे. मास्तर वाचून सांगतील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर सोपवतो." त्यांना स्वतःला छातीचा त्रास सुरू झाला होता आणि मुलाकडे पुण्याला जाऊन राहायचं होतं.

मी त्या रात्री पुस्तक उघडलं आणि अर्ध्या पानावर थांबलो. मी शाळेत शिकवत असे ते इंग्रजी आणि हे इंग्रजी यांत काही नातं नव्हतं. गाडीच्या भागांची नावं, त्यांतली अर्धी माझ्या शब्दकोशात नाहीत, आणि वाक्यं कुठे सुरू होतात न् कुठे संपतात ते कळेना. पुस्तक मिटून मी ते टेबलावर ठेवलं. मला हे साहेबांना लिहिता आलं असतं. भाऊंना सांगता आलं असतं की मला समजत नाही. आळीत इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो, आणि मला समजत नाही हे वाक्य मी तोवर तिथे कुणाला म्हटलं नव्हतं.

डावी बाजू भाऊंनी दोन महिन्यांत केली. आठ नळ्यांना तीन आठवडे लागले. पातळ पत्रा सुईभोवती गुंडाळून नळी करायची, डाख देऊन तिचा सांधा जोडायचा, आत बारीक वाळू भरायची म्हणजे वाकवताना चेपत नाही, आणि मग वाकवायची. आठही नळ्यांचा बाक एकसारखा पाहिजे. एक नळी त्यांनी चौदा वेळा केली. ती बाजू पुरी झाल्यावर मी शाळेतून येत असताना त्यांनी मला हाक मारली. हातोडी वर होती.

"दुसऱ्या बाजूनं काय हाय, गुरुजी?"

मी म्हणालो, "तेच. या बाजूसारखंच."

त्यांनी हातोडी तशीच वर धरली. "नाई, म्हंटलं टरकाचा धूर एकाच बाजूनं निघते. यष्टीचाबी."

हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. रोज बसस्टँडवरून जाताना पाहिलं असेल. मी म्हणालो, "शर्यतीच्या गाड्या वेगळ्या असतात भाऊ. पुस्तकात तसंच लिहिलंय."

"पुस्तकात हाय म्हंता, तं मंग झालं," ते म्हणाले आणि हातोडी खाली आली.

त्यांनी विश्वास ठेवला याला आणखी एक कारण होतं, ते मला नंतर उमगलं. जन्मभर ज्याने गुंड घडवला त्याच्या हाताला दुसरी बाजू वेगळी असू शकते हे पटतच नाही. भांडं फिरवावं तिकडून सारखंच असतं. एका बाजूला आठ नळ्या आणि दुसरीकडे काही नाही, असं भांडं त्यांच्या हाताने कधी केलं नव्हतं. डोळा सांगत होता एक, हात सांगत होता दुसरं, आणि मी हाताच्या बाजूने छापील पुस्तकाची साक्ष दिली.

इथवर तरी अज्ञान म्हणता येईल. पण दुसऱ्या बाजूच्या सहा नळ्या झाल्या तेव्हा एका दुपारी मी पुन्हा ते पान उघडलं, आणि एका ओळीत मला स्पष्ट दिसलं की नळ्यांच्या आधी 'डाव्या बाजूला' असे शब्द आहेत. फक्त डाव्या. पुढच्या ओळी मी वाचल्या नाहीत. खिडकीतून समोर पाहिलं. भाऊ सातवी नळी वाकवत होते, जीभ दातांत धरून. मी विचार केला, आता सांगितलं तर सहा नळ्या फुकट जातील. मी विचार केला, त्या मुंबईवाल्यांना तरी कुठे इतकं माहीत असेल. मग मी खिडकी लावून घेतली आणि वह्या तपासायला बसलो.

हिवाळ्यात आम्ही नागपूरला गेलो. गाडी सात इंचांची होती. कापसात ठेवून, पितळी डब्यात घालून भाऊंनी ती पूर्ण वाट मांडीवर धरली. साहेब आदल्याच दिवशी पुण्याहून परतले होते, खूप उतरलेले. त्यांनी डबा उघडला, गाडीकडे पाहिलं आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना दिसली ती डावी बाजू.

मुंबईचे तिघं जण सभ्य माणसं होती. गाडी खाचेत ठेवली, कळ दाबली. पितळेच्या त्या अंगावरून उजेड असा सरकत गेला की त्यांतला एक खुर्चीवरून उठून उभा राहिला. बारा चकरा मारून गाडी थांबली. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थाने ती उचलली, चाकांच्या ताना पाहिल्या, झाकणावरच्या बारीक फटी मोजल्या, आणि चालकाचा चष्मा पाहून तो हसला. मग त्याने गाडी फिरवली.

त्याने उजवी बाजू उजेडात धरली. नंतर त्याने गाडी दुसऱ्याकडे दिली, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. इंग्रजीत बोलणं सुरू झालं आणि तिसऱ्याला हसू आवरलं नाही. या इंजिनाला दोन्हीकडून धूर सोडायचा तर ते इंजिनच राहणार नाही, असं काहीतरी तो म्हणत होता. वयस्कर गृहस्थ हसला नाही. तो साहेबांना म्हणाला की हात अप्रतिम आहे, असा हात त्याने पाहिलेला नाही. पण आमच्या कामात खरी गाडी लागते, मनातली चालत नाही. जो माणूस माहीत नसलेली बाजू मनाने भरून काढतो त्याच्यावर आम्ही पुढचं काम कसं सोपवणार?

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की गाडी उलटी फिरवल्यावर काहीतरी बिनसलंय. साहेब माझ्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "मास्तर, नळ्या एकाच बाजूला असतात. तुम्ही यांना मजकूर वाचून सांगितला नव्हता का?"

मी म्हणालो, "सांगितला होता."

हे दोन शब्द मी इतक्या सहज बोललो की मलाच नवल वाटलं. भाऊंनी माझ्यावरची नजर काढून घेतली, साहेबांकडे पाहिलं आणि हात जोडले.

"सांगतलं होतं जी गुरुजीनं. माह्याच ध्यानातून गेलं."

परतताना मौद्याला बस थांबली तेव्हा ते खाली उतरले आणि दोन कप चहा घेऊन आले. पहिला मला दिला.  

त्यांनी आशा लगेच सोडली नव्हती. आठवड्याभरात उजव्या बाजूच्या आठही नळ्या कापल्या, भोकं बुजवली, आणि ती जागा अशी घासली की मी बोट फिरवून पाहिलं तरी सांधा लागला नाही. गाडी मुंबईला पाठवायचं ठरलं. सोबतचं पत्र मी लिहिलं. त्यात मी लिहिलं की कारागिराला आपल्या चुकीबद्दल खेद वाटतो. त्याखाली भाऊंनी मराठीत सही केली, सावकाश, एकेक अक्षर ठोकल्यासारखी. गाडी गेली. पत्राचं उत्तर आलं नाही आणि गाडीही परत आली नाही. साहेब त्याच उन्हाळ्यात वारले. त्यांच्या मुलांनी वरची खोली भाड्याने दिली, असं नंतर कळलं. पुस्तक माझ्याकडेच राहिलं.

भाऊंनी चौथी गाडी केली नाही. ओसरीवरची फळी काही दिवस तशीच होती, मग तिच्यावर विड्यांची पानं वाळत पडू लागली. गुंडांचं काम तर संपलंच होतं. ते मला टाळत नसत, हे मला जास्त जड जाई. सकाळी दिसले की विचारत, "जेवले का गुरुजी?" माझं लग्न झालं तेव्हा ते आले, जेवले, बायकोला आशीर्वाद दिला. दोन वर्षांनी माझी साकोलीच्या शाळेवर मुख्याध्यापक म्हणून बढतीने बदली झाली आणि मी आळी सोडली. खरं सांगायचं तर सुटलो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, साकोलीहून भंडाऱ्याला येताना, आमची बस लाखनीला पंक्चर झाली. सगळे उतरलो. हायवेच्या कडेला ट्रकच्या दुरुस्तीची दुकानं आहेत, तिथून पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. तो आवाज ट्रक ठोकणाऱ्याचा नव्हता. फार हलका, एकसारखा, मोजून पडणारा. मी त्या दिशेने गेलो. ट्रकचा मडगार्ड जमिनीवर पालथा घालून भाऊ त्याच्या आतून पोचा उचलत होते. वहिनीच्या भावाचं दुकान होतं, त्याने बोलावून घेतलं होतं. दाढी वाढलेली, डोळ्यांवर काळसर जाड भिंगं, डाव्या हाताची दोन बोटं जॅकखाली चेपून आखडलेली.

त्यांनी मला ओळखलं, बाकावर बसवलं, चहा सांगितला. वहिनी बरी आहे म्हणाले, तिच्या छातीत तंबाखू भरलाय, खोकते. मी दहा वर्षं जे वाक्य तयार करत होतो ते मला तिथे आठवेना. मी एवढंच म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी साहेबांपुढे मी खोटं बोललो. मी वाचलंच नव्हतं. आणि नंतर मला कळलं होतं, तरी मी तुम्हाला थांबवलं नाही."

ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

"मले ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही खिडकी लावली ना, तवापासून. एवढ्या उकाड्यात कोनी खिडकी लावते का जी?"

मी विचारलं, मग तिथे का नाही बोललात. माझं नाव का नाही घेतलं.

"तुम्हाले त्याच गावात पोरं शिकवाची होती," ते म्हणाले. भिंगावर फुंकर मारून पुढे म्हणाले, "अन् खरं सांगू का, सातवी नळी लई बेस वाकली होती. तुम्हाले इचारून ते थांबवाचं माह्याच जिवावर आलं."

मला रडू येत होतं, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं. चष्मा चढवून त्यांनी मडगार्ड पुढे ओढला आणि एकदम विचारलं, "मंग लिवलं तरी काय हाय त्याच्यात? दुसऱ्या बाजूनं?"

तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. दहा वर्षं ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, त्यावरची धूळ मी दिवाळीला झटकत होतो, आणि तो मजकूर मी अजून वाचला नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. त्या दिवशीचं ते एकच वाक्य मी न अडखळता बोललो असेन.

ते रागावले नाहीत. "आना मंग कधी," म्हणाले. "एवढं समजून राह्यलं पायजे ना. करून तं होनार नाई आता." आणि आखडलेली बोटं माझ्यापुढे धरली, एखादं बिघडलेलं अवजार दाखवावं तशी.

बसचं चाक बदलून झालं होतं. मी पुढच्या महिन्यात येतो म्हणालो. पुढच्या महिन्यात परीक्षा होत्या. मग निकाल, मग शाळेची तपासणी, मग बायकोचं आजारपण. ही कारणं खरी होती, आणि मी त्यांच्या आडोशाला राहिलो हेही खरं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीनंतर नागपूरच्या एका मोटार मेकॅनिकला आणि मोठ्या शब्दकोशाला सोबत घेऊन मी ते पान सोडवलं. दुसऱ्या बाजूबद्दल चार ओळी होत्या. मी त्या मराठीत स्वच्छ अक्षरात उतरून काढल्या. उजवी बाजू पूर्ण सपाट, असं त्यात होतं. नळी नाही, फट नाही. फक्त पेट्रोल भरायचं एक झाकण आणि हाताने ओढायचा ब्रेकचा एक दांडा, चालकाच्या कोपराशी, अंगाबाहेर. भाऊंनी ते एका दुपारचं काम म्हटलं असतं.

तरी त्यानंतर लाखनीला जायला मला उन्हाळा उजाडला. दुकान उघडं होतं. एक चाळिशीचा माणूस ट्रकच्या दारापुढे उकिडवा बसला होता. मी भाऊंची चौकशी केली.

"म्हातारबुवा? गेले जी ते. धान कापनीच्या टायमाले. ताप डोक्यात गेला म्हनत. भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते, तिकडंच."

त्याने मला बाक दाखवला. मी बसलो. कागद खिशात होता. दाराला मोठा पोचा आलेला होता आणि तो माणूस डब्यातून पात्यावर करडी पुट्टी घेऊन त्यात भरत होता. मी विचारलं, पत्रा आतून उचलत नाहीत का आता?

"तेवढा टाइम कोनापाशी हाय? पुट्टी भरली का झालं. वरून रंग मारला का कोनाले दिसते?" मग मान वळवून त्याने विचारलं, "तुम्ही कोन त्यांचे?"

मी म्हणालो, शेजारी.

"हाव का," तो म्हणाला. पातं एकदा वरून खाली फिरवलं आणि पोचा दिसेनासा झाला. उरलेली पुट्टी त्याने डब्याच्या काठाला पुसली आणि सरकून दुसऱ्या पोच्यापुढे बसला.